शहराची शीव आणि तिचा फेरफार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गृहस्थ भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरीस लागले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले. त्यांचा माझा परिचय मी विद्यार्थी असताना झाला, आणि तो झाला एका नकाशाच्या निमित्ताने. कापडावर चिकटवलेला, घड्यांच्या जागी झिजून पलीकडचे दिसू लागलेला एका गावाचा नकाशा त्यांनी माझ्यापुढे पसरला होता. मी साहजिकच गावठाण कोठे, ओढा कोठे, विहिरी किती, हे पाहू लागलो. त्यांनी माझा हात धरून नकाशाच्या समासाकडे नेला. मूळ मोजणी कोणत्या साली झाली, दुरुस्ती कोणी केली आणि कोणत्या हुकुमान्वये केली, हा सगळा मजकूर तेथे बारीक अक्षरांत होता. आणि नकाशा वाचायचा तो समासापासून, हे त्यांनी मला त्या दिवशी शिकविले. आजच्या विषयावर मला जे सांगावयाचे आहे ते बहुतांशी त्या एका शिकवणुकीचा विस्तार आहे. शहराच्या हद्दीचा सार्वजनिक नकाशा म्हणजे काय, आणि तो ताजा राखावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हा तो विषय.

हद्दीला आपल्या भाषेत जुना शब्द आहे ‘शीव’. मुंबईच्या लोकांच्या तोंडी हा शब्द रोज असतो, परंतु त्याच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मुंबई बेट जेथे संपत होते आणि पलीकडे साष्टी सुरू होत होती त्या टोकाच्या गावाला लोकांनी शीव म्हटले. पुढे १९५० साली शहराची हद्द साष्टीच्या दक्षिण भागावर पसरली, १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत जाऊन पोहोचली, आणि शीव हे गाव शहराच्या पोटात गेले. सीमा गेली, सीमेचे नाव उरले. पुण्यात कुंभारवेस आहे, सोलापुरात विजापूर वेस आहे. तेथे उभे राहून पाहिले असता चारी दिशांना शहरच दिसते. शहराची सीमा ही सरकणारी वस्तू आहे आणि लोकांची स्मृती ती जेथे प्रथम पाहिली तेथेच धरून बसते. म्हणून या दोहोंमध्ये मेळ घालणारा असा एखादा लेख लागतो, की जो सीमेबरोबर सरकेल आणि तरीही ती पूर्वी कोठे होती हे विसरणार नाही.

आपल्या पूर्वजांना या प्रश्नाची जाणीव होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमाविवादाचे जे प्रकरण आहे ते केवळ कायद्याच्या दृष्टीने पाहणाऱ्यांना रुक्ष वाटेल, पण मोजणीच्या कामात ज्यांचे पाय मळले आहेत त्यांना त्यात आपलीच माणसे भेटतात. सीमेवर वड, पिंपळ, पळस असे दीर्घायुषी वृक्ष लावावेत, तळी व देवळे सीमासंधीवर बांधावीत, हे तर तेथे आहेच. शिवाय दगड, कोळसे, खापऱ्या, राख, तूस असे जे लवकर नष्ट होत नाही ते जमिनीखाली पुरून ठेवावे, म्हणजे वरची खूण कोणी हलविली तरी खालची साक्ष देईल, असेही सांगितले आहे. आणि विवादाचा निर्णय ज्येष्ठ महिन्यात करावा, कारण त्या वेळी सीमेच्या खुणा स्पष्ट दिसतात, ही सूचना तर ज्याने स्वतः उन्हात शिवार पाहिले आहे त्यालाच सुचेल. मराठी अंमलात गावच्या शिवेचा कज्जा उपस्थित झाला म्हणजे गोतसभेपुढे दिव्य होई. डोक्यावर माती घेऊन, शपथेने बांधलेला मनुष्य दोन्ही गावांच्या लोकांसमक्ष जी वाट चालत जाई ती शीव ठरे, आणि त्याचा महजर लिहिला जाई. गावच्या शिवेची राखण हे महाराच्या वतनातील काम होते. शीव कोठून कोठे जाते हे ज्यांना अचूक ठाऊक होते त्या समाजाची वस्ती मात्र गावकुसाबाहेर ठेवलेली होती, ही आपल्या इतिहासातील वेदना येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला शक्य नाही.

इंग्रजी अंमलात पुणे जिल्ह्यात प्रथम प्रिंगल याची पाहणी झाली, ती फसली, आणि १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने काम आरंभिले. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. या मापाने मुंबई इलाख्यातील गावे एकामागून एक मोजली गेली. या इतिहासातून आजच्या विषयाला लागणारी गोष्ट एवढीच घ्यावयाची की मोजणीचा घटक गाव हा होता आणि शहराची हद्द आजही गावांच्याच हद्दींनी शिवलेली आहे. महानगरपालिकेची सीमा म्हणून नकाशावर जी ठळक रेघ दिसते ती कोणी शहर मोजून काढलेली रेघ नव्हे. ती अमुक गावाची पूर्वेकडील शीव, तमुक गावाचा दक्षिणेकडील ओढा, आणि कोठे एखाद्या गटाचा बांध, अशा शेकडो तुकड्यांची जोडणी आहे. तुकडा जसा असेल तशी जोडणी.

आणि या जोडणीला कायद्याचे बळ येते ते चित्राने नव्हे, शब्दांनी. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या तिसऱ्या कलमान्वये राज्य शासन महानगरपालिकेशी विचारविनिमय करून राजपत्रातील अधिसूचनेने तिच्या हद्दीत फेरबदल करू शकते; त्या अधिसूचनेच्या अनुसूचीत गावांची नावे असतात, गाव अंशतः घेतले असेल तर भूमापन क्रमांक असतात, आणि बहुधा शेवटी उत्तरेस काय, पूर्वेस काय अशी चतुःसीमा असते. नकाशा हा त्या मजकुराचा अनुवाद होय. अनुवाद मूळ ग्रंथानंतर किती दिवसांनी प्रसिद्ध झाला आणि मूळ ग्रंथाच्या कोणत्या आवृत्तीवरून केला, हे जर पानावर लिहिलेले नसेल तर वाचकाने त्यावर विसंबावे कसे?

पुण्याचेच उदाहरण घेतो, कारण त्याची हद्द मी आयुष्यभर सरकताना पाहिली आहे. येथे नगरपालिका स्थापन झाली १८५७ साली. उपनगरांसाठी निराळी नगरपालिका निघाली १८८४ मध्ये. आणि १५ फेब्रुवारी १९५० रोजी दोहोंच्या जागी महानगरपालिका आली. १९९७ च्या सप्टेंबरात भोवतालची ३८ गावे हद्दीत घेण्यात आली. त्यांपैकी काही गावे २००१ साली पूर्णतः आणि काही अंशतः वगळण्यात आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आली. डिसेंबर २०२० मध्ये आणखी २३ गावांची प्रारूप अधिसूचना निघाली, हरकती मागविण्यात आल्या, आणि ३० जून २०२१ रोजी म्हाळुंगे, सूस, नऱ्हे, खडकवासला, मांजरी बुद्रुक, वाघोली इत्यादी गावे शहराची झाली. २०१७ पूर्वी सुमारे २५० चौरस किलोमीटर असलेले क्षेत्र ३३१ वर गेले होते, ते तेव्हा सुमारे ५१६ झाले, आणि पुण्याने विस्तारात मुंबईला मागे टाकल्याच्या वार्ता प्रसिद्ध झाल्या. नंतर २०२४ च्या सप्टेंबरात फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही २०१७ साली आलेली दोन गावे, शहराचा कचरा कित्येक दशके ज्यांच्या शिवारात जाऊन पडत आला ती गावे, महानगरपालिकेतून वगळून त्यांच्यासाठी स्वतंत्र नगरपरिषद करण्याची अधिसूचना निघाली. पण तो ५१६ चा आकडा भाषणांतून आणि पुस्तिकांतून तसाच फिरत राहिला. पुण्याचे क्षेत्रफळ किती, या प्रश्नाला तारीख विचारल्यावाचून उत्तर देता येत नाही.

२०१७ च्या त्या यादीत एक शब्द आहे, त्याकडे आपले विशेष लक्ष वेधतो. लोहगाव (उर्वरित), मुंढवा (उर्वरित). हे ‘उर्वरित’ म्हणजे कोणते? आधी घेतले त्यातून जे राहिले ते. मग आधी कोणते घेतले होते? ते १९९७ च्या आणि २००१ च्या अधिसूचनांत पाहावयाचे, आणि त्या वेळचा नकाशा असेल तर त्यावर पाहावयाचे. म्हणजे आजच्या सीमेचा अर्थ कालच्या नकाशात दडलेला आहे, आणि कालचा नकाशा कोणी जुना झाला म्हणून काढून टाकला असेल तर आजच्या राजपत्रातील तो एक शब्द वाचता येत नाही. नकाशा ताजा ठेवणे म्हणजे जुना पुसून नवा काढणे, अशी जी समजूत सर्वत्र रूढ आहे तिला माझा विरोध आहे तो या कारणाने.

माझ्या मावशीचे घर अशाच एका काठावरच्या गावात होते. तिच्याकडे पत्र्याची एक लहान पेटी होती आणि तीत घरपट्टीच्या पावत्या वर्षवार दोऱ्याने बांधून ठेवलेल्या होत्या. सर्वांत खाली ग्रामपंचायतीच्या, हाताने भरलेल्या. त्यांवर महानगरपालिकेची छापील बिले. त्यांवर पुन्हा ग्रामपंचायतीच्या पावत्या. आणि सर्वांत वर पुन्हा महानगरपालिका. घर तेच, उंबरा तोच, तुळशीवृंदावन तेच. मधल्या काळात गावाने तीन वेळा छत्र बदलले. एका पावसाळ्यात घरामागच्या ओढ्याची भिंत ढासळली. मावशीने अर्ज दिला तेव्हा एका कार्यालयाने आपल्या भिंतीवरच्या नकाशात ओढ्याचा तो काठ हद्दीबाहेर असल्याचे दाखविले, दुसऱ्याने आपल्या नकाशात तो हद्दीबाहेर असल्याचे दाखविले, आणि दोन्ही नकाशे मी स्वतः पाहिले असल्यामुळे सांगतो की दोघेही आपापल्या नकाशाप्रमाणे खरेच बोलत होते. एकावरही तारीख नव्हती. त्या वर्षी पाणी स्वयंपाकघरापर्यंत आले. पितळेचे डबे वरच्या फळीवर चढवीत असताना मावशीने मला विचारले, “अरे, मी नक्की कुठं राहते रे?” त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला तेव्हा देता आले नाही.

असे प्रसंग एकट्या पुण्याच्या वाट्याला आले आहेत असे नाही. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांची कथा याहून लांब आहे. १९८३ मध्ये ती महानगरपालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये परत आत आली, २०२० मध्ये त्यांतील १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला, आणि त्याच वर्षाअखेर मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. ज्या मुलाने १९८३ साली तेथे शाळेत नाव घातले असेल त्याला आपल्या गावाचा नकाशा किती वेळा नव्याने पाठ करावा लागला असेल!

एके काळी ही अडचण आजच्याइतकी तीव्र नव्हती, कारण हद्द रस्त्यावर दिसत असे. जकात नाका हा सामान्य माणसाचा सीमादर्शक स्तंभ होता. ट्रकांची रांग, कंदील, आडवा बांबू, पावती फाडणारा कारकून, एस.टी.तून येणाऱ्या शेतकऱ्याला शहर कोठे लागले हे विचारावे लागत नसे. पुण्यातील जकात १ एप्रिल २०१३ रोजी संपली आणि मुंबईतील १ जुलै २०१७ रोजी. व्यापाराच्या दृष्टीने ते योग्य झाले असेल, त्यावर मत देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु तेव्हापासून शहराची सीमा केवळ कागदावर राहिली, आणि त्या कागदाची जबाबदारी कितीतरी पटींनी वाढली, याची नोंद मात्र कोणी घेतलेली दिसत नाही.

त्यातही सीमा एकच असती तर गोष्ट सोपी होती. पुणे आणि खडकी या छावण्या महानगरपालिकेच्या मधोमध असूनही तिच्या नाहीत. नकाशावर त्या पोकळ्या म्हणून दाखवाव्या लागतात, आणि कित्येक छापील नकाशांत त्या दाखविलेल्याच नसतात. २०२१ साली आलेल्या २३ गावांच्या बाबतीत तर गावे महानगरपालिकेत दाखल झाल्यावर काही दिवसांतच त्यांच्या नियोजनाचे काम महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. म्हणजे पट्टी भरावयाची एका दारी आणि घर बांधण्याची परवानगी मागावयाची दुसऱ्या दारी. पोलीस आयुक्तालयाची रेषा निराळी, विधानसभा मतदारसंघाची निराळी, टपालाची निराळी. यांपैकी कोणती रेषा आपण पाहत आहो हे नकाशाने स्वतःच सांगितले पाहिजे, आणि ते शीर्षकात, ठसठशीत अक्षरांत.

आता मोजणीच्या अंगाविषयी थोडे. साखळीने मोजलेले दोन शेजारच्या गावांचे नकाशे उपग्रहाच्या छायाचित्रावर आणून बसविले असता त्यांच्या कडा जुळतातच असे नाही. कोठे मधे फट राहते, कोठे एक गाव दुसऱ्यावर चढते. याचा अर्थ आमच्या वाडवडिलांनी चुकीचे मोजले असा करणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की त्यांनी साखळी हातात धरून पाहिली आहे काय. प्रत्येक गाव आपापल्या आधारबिंदूंवर मोजले गेले, ओढ्याने शंभर वर्षांत आपले पात्र हलविले, कापड ओल्या हवेत ताणले गेले आणि उन्हाळ्यात आखडले. या सगळ्यांची बेरीज त्या फटीत आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाणाची मोजणी करण्याचा प्रयोग झाला आणि त्याच धर्तीवर पुढे २०२० साली स्वामित्व योजना देशभर निघाली, हे उत्तम झाले. परंतु ड्रोन घराचे छप्पर दाखवितो, शीव दाखवीत नाही. शीव हा निर्णय आहे. ती फट बुजवावयाची तर दोन्ही गावांचे जाणते, तलाठी आणि भूकरमापक यांनी एकत्र जाऊन जागेवर रुजुवात करावी लागते, आणि ठरले ते लिहून काढावे लागते.

हे लिहिण्याची पद्धत आपल्याला बाहेरून आणावयाची नाही. ती आपल्या प्रत्येक तलाठ्याच्या दप्तरात आहे. शेतजमिनीच्या सात-बारावर मालकाचे नाव बदलते तेव्हा काय होते ते आठवून पाहा. खरेदी झाली, वारस लागला, वाटणी झाली, की गाव नमुना सहा मध्ये फेरफाराची नोंद धरली जाते. तिला क्रमांक पडतो. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकतीला मुदत असते. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि मग नवे नाव लागते. जुने नाव कोणी खोडीत नाही. त्याला कंस करतात. त्या कंसातले नाव तेथेच राहते, शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो, आणि तो धरून गेले की हा बदल कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने, कोणाच्या सहीने झाला हे पन्नास वर्षांनीही कळते. क्षेत्रात आणि नकाशात बदल झाला तर कमी-जास्त पत्रक होते. एका गुंठ्याच्या धन्याला जे संरक्षण आपण दिले ते पस्तीस-चाळीस लाख लोकांच्या शहराला आपण दिलेले नाही. शहराच्या हद्दीचा फेरफार धरा, एवढेच माझे मागणे आहे. प्रत्येक अधिसूचनेस एक क्रमांक. नकाशावर नव्या रेघेशेजारी तो क्रमांक. वगळलेल्या भागाची जुनी रेघ तुटक स्वरूपात कायम. समासात अंमलाची तारीख, प्रारूपाची नव्हे. आणि हा नकाशा क्षेत्रीय कार्यालयात, वाचनालयात आणि सीमेवरच्या प्रत्येक गावच्या चावडीवर.

इंग्लंडात २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक लोकनकाशा आहे. जगभरची माणसे विनावेतन आपापल्या गावचे रस्ते, ओढे, हद्दी त्यात भरीत असतात, आणि कोणी एक रेघ हलविली तर आधीची रेघ, हलविणाऱ्याचे नाव आणि वेळ हे सर्व त्याच्या पोटात शिल्लक राहते. मला तो प्रथम समजावून सांगण्यात आला तेव्हा मी चटकन म्हणालो की हा तर नमुना सहा आहे. अमेरिकेत तेथील जनगणना खाते दरवर्षी प्रत्येक स्थानिक संस्थेस विचारून १ जानेवारी रोजी अंमलात असलेली तिची हद्द लिहून घेते. आपल्याकडे जनगणना जवळ आली म्हणजे हद्दी गोठवितात; २०११ च्या जनगणनेपूर्वी त्या १ जानेवारी २०१० पासून गोठविल्या होत्या, आणि १ मार्च २०२७ या संदर्भतारखेच्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मर्यादा घालण्यात आली. शिरगणतीसाठी रेषा स्थिर हवी, हे रास्तच आहे. पण जी रेषा गोठविली ती कोणती, हे ज्या नागरिकाची शिरगणती व्हावयाची त्याला सुबोध मराठीत आणि तारखेसह पाहावयास मिळाले पाहिजे. संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगराला स्वराज्य दिले. आपले स्वराज्य कोठपर्यंत आहे हे ठाऊक नसलेला मनुष्य ते चालवील कसे?

या कामी शासनाचा एक हुकूम पुरेल, परंतु हुकुमाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आमच्या काही मित्रांनी पुण्याच्या १९५० पासूनच्या हद्दी एका मोठ्या कागदावर, गावनकाशांच्या आधारे, वेगवेगळ्या रंगांत उतरविल्या आहेत. प्रत्येक रेघेला आम्ही फेरफारासारखा क्रमांक दिला आहे, आणि जेथे आमची खात्री होत नाही तेथे रेघ कोरी सोडली आहे. अशा कोऱ्या जागा पुष्कळ आहेत, विशेषतः २००१ साली अंशतः वगळलेल्या गावांच्या भोवती. तो कागद बाजूच्या दालनात टेबलावर अंथरून ठेवला आहे. आपल्यांपैकी जे काठावरच्या गावांतून आले आहेत त्यांनी जाण्यापूर्वी आपला गट नंबर त्यावर शोधावा. जुनी घरपट्टीची पावती, सात-बाराचा उतारा, खरेदीखत, जे काही घरी असेल त्यावरून रेघ चुकली आहे असे वाटल्यास शेजारी ठेवलेल्या पेन्सिलीने तेथे खूण करावी, आणि समासात आपले नाव व आजची तारीख घालावी. ज्येष्ठ महिना लागला, शिवारे उघडी पडली, की त्या खुणा घेऊन आम्ही आंबेगावापासून चालावयास आरंभ करणार आहोत.